सोय कुणाची?

फेब्रुवारी १९९४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात काही बायकांची गर्भाशयं काढली गेली. आमच्या पिंपळीत याला सरळ 'पिशवी काढली' म्हणतात. या बायका शिरूरच्या सरकारी संस्थेत राहत होत्या, 'मतिमंद' अशी त्यांची नोंद होती. त्यांना पाळी सांभाळता येत नाही, स्वच्छता राहत नाही, असं कारण दिलं गेलं. महिला संघटनांनी आवाज उठवल्यावर पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. शिरूर आमच्याच जिल्ह्यात, पण माझ्या वयाच्या फार थोड्यांना हे ठाऊक आहे.

निर्णय घेणाऱ्यांना राक्षस ठरवून मोकळं होता येत नाही, ही मला यातली अवघड गोष्ट वाटते. अशा संस्थेत काम करणारे हात नेहमीच अपुरे असतात. दर महिन्याला दुसऱ्याचे रक्ताचे कपडे बदलणं सोपं नाही. 'तिच्याच भल्यासाठी' असं त्यांना मनापासून वाटलंही असेल.

पण त्रास नेमका कुणाचा कमी झाला? कपडे बदलणाऱ्याचा. पोट कापलं गेलं तिचं. तेव्हा अशीही बाजू मांडली गेली, की कुणी अत्याचार केलाच तर निदान गर्भ तरी राहणार नाही. आता याचा अर्थ लावून बघा. गर्भाशय काढल्यानं अत्याचार थांबत नाही. तो उघडकीस येण्याची एक वाट तेवढी बंद होते.

हे फक्त संस्थांमध्ये घडतं असं नाही. रात्री उठवायला लागू नये म्हणून अंथरुणाला खिळलेल्या आजीला संध्याकाळनंतर पाणी द्यायचं नाही. 'कुठं जाईल, हरवेल' म्हणून डोक्यानं अधू असलेल्या चुलत्याला खोलीत कोंडायचं. दोन्हीकडे कारण काळजीचं, आणि सोय आपली.

यावर खरा प्रश्न असा: तिला सांगताच येत नसेल तर विचारायचं कसं? काहींना खरंच सांगता येत नाही, आणि कुणालातरी त्यांच्या वतीनं ठरवावंच लागतं. माझ्यापुरतं उत्तर इतकंच आहे. ज्याचे कष्ट त्या निर्णयानं वाचणार आहेत, त्यानं एकट्यानं तो घेऊ नये. आणि जे परत फिरवता येत नाही, ते सगळ्यात शेवटी. कोंडलेलं दार उद्या उघडता येतं, पिशवी परत बसवता येत नाही.

कायदा हळूहळू इथवर आला आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार दिव्यांग व्यक्तीवर तिच्या मोकळ्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणारा उपचार करता येत नाही. दिव्यांग माणसाचा छळ होतोय असं वाटलं, तर कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवू शकतं. म्हणजे बारामती किंवा इंदापूरचे तहसीलदार. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आपण जातो, तीच कचेरी.

तरी आपण कळवत नाही. 'त्यांच्या घरातलं आहे, आपण कशाला पडायचं?' हे वाक्यही एकदा तपासून बघावं. त्यानं सोय होते ती आपलीच.