नसलेला खर्ज

सॉफ्टवेअर सिंथेसायझरवर बेसचा पहिला आवाज करायला बसलेल्या माणसाच्या हाती तत्त्वज्ञानाचा एक जुना प्रश्न नकळत येतो. ऑसिलेटरवर साधी साइन वेव्ह घेऊन ५५ हर्ट्झचा सूर धरला, तर तो चांगल्या हेडफोनमध्ये भरून येतो आणि मोबाइलच्या स्पीकरवर जवळजवळ नाहीसा होतो. तिच्या जागी सॉ वेव्ह घेतली आणि उंच स्वरांश अडवणाऱ्या लो-पास फिल्टरचा कटऑफ थोडा मोकळा ठेवला, की तोच मोबाइल खर्ज ऐकवू लागतो. एवढ्याशा स्पीकरला ५५ हर्ट्झ पेलत नाहीत, हे तर तसेच राहते. त्यातून ठळकपणे बाहेर पडतात ते २२०, २७५, ३३० असे वरचे उपस्वर. मग कानाने ऐकला तो खर्ज खरा, की भास?

न्याय-वैशेषिकांच्या मते शब्द हा आकाशाचा गुण. तो संयोगातून, विभागातून किंवा आधीच्या शब्दातून उपजतो. त्या हिशेबाने जो स्वर उपजलाच नाही तो ऐकू येणे म्हणजे दोरीवर साप दिसणे. मला हे पटत नाही, आणि त्याचे कारण आपल्या दर्शनांच्याच कसोटीत आहे. भ्रम ओळखायचा तो बाधाने: दिवा आणला की साप जातो. इथे सारा उलगडा झाला तरी खर्ज जात नाही. यावर कोणी म्हणेल, पाण्यातली काठी सरळ आहे हे कळल्यावरही वाकडीच दिसते. न जाणारा भासही भासच. खरे आहे, पण काठीला हात लावला की तिचा सरळपणा कळतो, म्हणजे दुसरे प्रमाण डोळ्याला खोटे पाडते. इथे दुसरे प्रमाण कानाच्याच बाजूने साक्ष देते. २२०, २७५ आणि ३३० यांची मिळून जी लहर होते, तिचा आलेख सेकंदाला बरोबर ५५ वेळा पुन्हा तोच आकार घेतो. पायाचा स्वरांश गेला तरी आवर्तन जात नाही, आणि कान ते आवर्तनच ऐकतो.

याहून वजनदार आक्षेप जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झच्या बाजूचा आहे: खालचा स्वर कानाच्या आतच, त्याच्या विकृतीमुळे, खरोखर निर्माण होत असेल. पण मानसशास्त्रज्ञ लिकलायडरने १९५४ मध्ये खालच्या पट्ट्यात गोंगाट भरून तिथे काही ऐकूच येणार नाही अशी व्यवस्था केली. तरी सूर टिकला. म्हणजे हा स्वर कुठल्या एका कंपनात बसलेला नाही, तो कंपनांच्या आपसातल्या प्रमाणात आहे.

मग याला अनाहत नाद म्हणावे का? देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने आहत (आघाताने होणारा) आणि अनाहत (आघाताविना असणारा) असे नादाचे दोन भेद सांगितले आहेत, आणि अनाहत हा उपासनेचा विषय आहे. संगणकातले सेकंदाला ४४,१०० आकडे हा नाद नव्हेच. स्पीकरचा पडदा हवेला ढकलतो तेव्हा नाद होतो, आणि तो आहतच. ‘यंत्रातला म्हणून खोटा’ हा आरोप मात्र टिकत नाही. तानपुऱ्यात गांधाराची तार नसते, तरी खर्जाच्या तारेतून तो स्वयंभू ऐकू येतो आणि त्याला कोणी कृत्रिम म्हणत नाही. तिथे खालचा स्वर वरच्याला प्रकट करतो, इथे वरचे खालच्याला. कटऑफ हळूहळू मिटत नेला तर मोबाइलवर आधी धार जाते, आवाज मऊ होतो, खर्ज जागेवर राहतो. वरचे शेवटचे दोन-तीन उपस्वर विझले की तोही विझतो.