वाटणीत नसलेला वाटेकरी

रामाकोन्याला कन्हान ओलांडताना आजोबा म्हणायचे, "नदीले अडवावं बापू, कोंडू नये." तेव्हा तो शब्दांचा खेळ वाटे. पुढे माझी संत्र्याची झाडे उन्हाळ्यात वाळली आणि अडवलेल्या पाण्याची किंमत कळली.

कन्हान वैनगंगेला, वैनगंगा प्राणहितेतून गोदावरीला मिळते. या खोऱ्याच्या पाण्यासाठी लवाद बसला, १९८० मध्ये निवाडा झाला, राज्यांना हिस्से मिळाले. चढणीच्या माशाला मात्र तेथे वकील नव्हता. पहिल्या पुराबरोबर तो अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध निघतो. भिंत आडवी आली की पुढची पिढीच अडते. गंगेवर १९७५ साली फरक्क्याचा बंधारा सुरू झाला आणि पूर्वी अलाहाबादच्याही वर जाणारे हिलसा मासे तेथे दुर्मिळ झाले.

मग धरणे नकोत? तहानलेल्याला असे सांगण्याचा अधिकार मला नाही. पण मासा हिस्सा मागत नाही, वाट मागतो. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बर्गे पावसाळ्यापूर्वी काढतात, पाऊस ओसरताना बसवतात. हेतू पूर आणि गाळ वाहून जाण्याचा; पण माशालाही दार उघडते. मोठ्या धरणावर हे इतके सोपे नाही. तेथे माशांसाठी पायऱ्यांची वाट बांधावी लागते. ती पैसा मागते, थोडे पाणीही मागते.

ते कोणी द्यावे? ज्याच्यासाठी दार लागले, त्याने. म्हणजे मीही. एखादी पाळी कमी मिळाली, तर कुरकुरेन. पण नाही म्हणणार नाही.