थांब्यावर कोण उरले?

रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारातून पूर्वी माणसे लवकर हलत नसत. आता शेवटचे गीत संपते न संपते तोच स्कूटर सुरू होतात. ज्या आजींना न्यायला कोणी येत नाही, त्या रिक्षा शोधत रस्त्यावर जातात. आपण त्यांना हात करतो आणि निघतो.

आपल्या वसईत माणसांना भेटायला कधी मुद्दाम जावे लागत नसे. बावखलावर कपडे धुताना, नाक्यावर, एसटीच्या थांब्यावर भेट होई. पहाटेच्या एसटीत फुलांच्या आणि भाजीच्या टोपल्या घेऊन दादरला निघालेल्या बायका असत. कोणाची सून बाळंत झाली, कोणाच्या विहिरीचे पाणी खारट झाले, कोणाच्या घरी मयत आहे, हे स्टेशन येईपर्यंत सगळ्यांना कळे. एखादीला तिकिटाला पैसे कमी पडले तर शेजारची भरत असे. (भांडणेही त्याच बसमध्ये होत. खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवणारे आपणच होतो!)

पुढे बरीच बावखले बुजली. २००९ साली महानगरपालिका झाली, २०१२ मध्ये तिची परिवहन सेवा आली आणि नंतरच्या काही वर्षांत एसटीने इथल्या फेऱ्या आवरत्या घ्यायला सुरुवात केली. त्याविरुद्ध आपले लोक रस्त्यावर उतरले, न्यायालयातही गेले. ते योग्यच होते. पण खरे सांगायचे तर, थांब्यावरून आपल्यापैकी अनेकजण त्याआधीच उठून गेले होते.

घरात पहिली मोटारसायकल आली तेव्हा आपण काही पाप केले नाही. रात्री-अपरात्री आजाऱ्याला दवाखान्यात नेले ते तिनेच. पण एकेकजण उतरत गेला की बसचे उत्पन्न घटते, मग फेऱ्या घटतात, मग उरलेलेही गाडी घेतात. शेवटी थांब्यावर उभे राहतात ते, ज्यांना गाडी परवडत नाही किंवा चालवता येत नाही. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे. पण गावात बसच येत नसेल तर त्या सवलतीचे काय करायचे? आपल्या पैशाने, आपल्या सोयीसाठी घेतलेल्या निर्णयाचा भार असा दुसऱ्यावर पडत असेल, तर तो निर्णय केवळ आपला खासगी राहतो काय?

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या पत्रात एकदोघांसाठी धावणाऱ्या गाड्यांविषयी लिहिले आणि सार्वजनिक वाहतुकीला प्राधान्य द्यावे असे सुचवले. पण गर्दी, गैरसोय आणि अपुऱ्या फेऱ्यांमुळे प्रवाशांना सोसावी लागणारी हलाखीही त्यांनी सांगितली. ती सुधारल्याशिवाय लोक गाडी सोडणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. म्हणजे फेऱ्या वाढवा म्हणून अर्ज करायचे काम आपल्याला सुटलेले नाही.

मध्यंतरी एका आजींना आपल्यातल्याच एकाने विचारले, "मावशी, दर रविवारी गाडीतून नेऊ का?" त्या म्हणाल्या, "नेशील रे, पण बोलणार कोणाशी? तू तर पुढे बघून चालवणार."

गाडीतली रिकामी जागा द्यावीच. पण मिस्सानंतर पंधरा मिनिटे आवारातही थांबू या. आणि आठवड्यातून एकदा तरी स्टेशनला बसने जाऊ या. रुमाल मात्र घरी ठेवावा.