मागे उरलेल्याची साक्ष

रक्तसाक्षींचे स्मरण आपण भक्तिभावाने करतो. परंतु त्यांच्यामागे जो जिवंत राहतो, त्याच्या कर्तव्याचा विचार सहसा होत नाही. ज्याला मरण चुकले, त्याची साक्ष कमी प्रतीची मानावी काय? या प्रश्नाचा विचार करताना महाराष्ट्राच्याच किनाऱ्यावर वावरलेले डोमिनिकन व्रतस्थ जॉर्डन कातालानी आम्हांला आठवतात.

१३२१ साली तोलेन्तिनोचे थॉमस व आणखी तीन फ्रान्सिस्कन बंधूंसह ते ठाण्यास उतरले. बाप्तिस्मा देण्यासाठी ते भडोचच्या वाटेस लागले असता, इकडे चौघा सोबत्यांना काजीपुढे उभे करण्यात आले आणि एप्रिल महिन्यात त्यांचा वध झाला. परतलेल्या जॉर्डन यांनी त्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले. त्यानंतर मायदेशी निघून जाणे त्यांना शक्य होते. ते या भूमीतच राहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरात आणि पुढे १३२४ साली त्यांनी इराणातील धर्मबंधूंना पत्रे धाडली. त्यांत आपले एकटेपण व हाल कळविले, आणि सोपारा, भडोच व कोल्लम येथे सेवेसाठी माणसे मागितली.

१३२९ साली पोप बाविसावे जॉन यांनी कोल्लम हा हिंदुस्थानातील पहिला लॅटिन धर्मप्रांत स्थापून त्यांना बिशप नेमले. मलबारच्या प्राचीन ख्रिस्ती समाजाला ऐक्याचे आवाहन करणारे पत्र त्यांच्या हाती दिले. दूताला स्वतःचा राग बाजूस ठेवून दुसऱ्याचा निरोप पोहोचवावा लागतो. मित्रांना पुरून आलेल्या माणसाला हे किती जड गेले असेल! तरीही आपल्या प्रवासग्रंथात इथल्या लोकांची स्वच्छता, सत्यवचन आणि न्यायबुद्धी त्यांनी मोकळ्या मनाने वाखाणली. त्याच ग्रंथात मुसलमानांविषयी कठोर शब्दही आहेत, हे आपण झाकू नये. मन निवळण्याचे काम त्यांचेही अपुरेच राहिले.

आम्हांला वाटते, जगणे हीदेखील साक्ष ठरते. मात्र ते जगणे मृतांच्या ऋणातून आणि जिवंतांच्या सेवेत खर्ची पडले पाहिजे. कोल्हापुरात आपली कॅथलिक कुटुंबे थोडी आहेत. आपल्याकडे कोणी रक्त मागत नाही. आजाऱ्याच्या उशाशी बसणे, दुरावलेल्या भावाला आपण होऊन पत्र लिहिणे, ज्याने दुखावले त्या शेजाऱ्याचा चांगुलपणाही चारचौघांत सांगणे, एवढेच मागितले जाते. यातले शेवटचे सर्वांत अवघड आहे. या उपवासकाळात निदान तेवढे एक तरी आपल्या हातून घडो.