हंगाम सरला की…

हे सावकाश वाचा. एक परिच्छेद झाला की थांबा, दोन-तीन श्वास जाऊ द्या, मग पुढे सरका.

डोळ्यांसमोर एक मुलगा आणा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, सुपिरियर गावी, 1927 साली जन्मलेला. वडील अग्निशामक दलात. लहानपणीच पोलिओ झाला, पायाचे स्नायू अशक्त झाले. डॉक्टर म्हणाले, खेळू द्या याला. या मुलाला, बड ग्रँटला, खेळ भेटला तो असा, औषध म्हणून. आता स्वतःकडे पाहा. उणेपण म्हणून आलेली कोणती गोष्ट तुम्हाला वाटेवर घेऊन गेली? ती आठवा. आठवली नाही तरी चालेल, प्रश्न जवळ ठेवा.

उजवा तळहात उघडा. मिनेसोटा विद्यापीठात पानगळीच्या दिवसांत ग्रँटच्या हातात अमेरिकन फुटबॉलचा लांबट, दोन्ही टोकांना निमुळता चेंडू असे. हिवाळ्यात बास्केटबॉल. वसंतात बेसबॉलचा मुठीत मावणारा, टणक चेंडू. कॉलेजच्या संघात चमकलेल्या खेळाडूला तिथे कापडी अक्षर मिळतं, त्याला ‘लेटर’ म्हणतात. ग्रँटने या तीन खेळांत मिळून अशी नऊ मिळवली. पण मनन करायचं ते नऊ या आकड्यावर नाही. एक चेंडू खाली ठेवल्याशिवाय दुसरा नीट हातात येत नाही, यावर करायचं. मूठ वळा. पुन्हा उघडा. तुमच्या मुठीत मागच्या हंगामाचं काय राहून गेलं आहे?

पुढेही हाच क्रम चालला. 1950 मध्ये बास्केटबॉलच्या विजेत्या मिनिॲपोलिस लेकर्स संघात ते होते. मग फुटबॉलमध्ये फिलाडेल्फिया ईगल्स, 1953 पासून कॅनडातला विनिपेग ब्लू बॉम्बर्स. वयाच्या अवघ्या 29व्या वर्षी त्याच संघाचे ते प्रशिक्षक झाले. दहा हंगामांत चार वेळा त्यांनी कॅनडाचा ग्रे कप जिंकून दिला आणि 1967 मध्ये मिनेसोटा वायकिंग्जची सूत्रं हाती घेतली.

आता थंडी मनात आणा. वायकिंग्जचं ब्लूमिंग्टनमधलं उघडं मैदान, डिसेंबर, तोंडातून निघणारी वाफ, दगडासारखी कडक जमीन. समोरच्या संघाच्या बाकांजवळ हीटर लावलेले. ग्रँट यांच्या बाजूला एकही नाही. शेकत उभ्या असलेल्या माणसाचं लक्ष शेकोटीत राहतं, खेळात राहत नाही, असा त्यांचा साधा हिशेब होता. ही थंडीशी फुशारकी नव्हती. 1940 च्या नोव्हेंबरात, तेरा वर्षांचे असताना, शिकारीला गेले असता ते भयंकर हिमवादळात सापडले होते. थंडी जीव घेऊ शकते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर ती नाकारण्यात त्यांनी शक्ती घालवली नाही. हिवाळा आहे, तर हिवाळ्यात उभं राहायचं.

तुमच्या आजच्या दिवसाचं हवामान कसं आहे? बदलायला जाऊ नका. फक्त त्यात उभे राहा. आणि काम समोर असताना तुम्ही कोणत्या शेकोटीकडे सारखे वळता, तेही पाहून घ्या. स्वतःला रागावू नका. पाहिलं की पुरे.

आता जड भाग. वायकिंग्ज त्यांच्या हाताखाली चार वेळा सुपर बोल या मोसमाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले: 1970, 1974, 1975 आणि 1977 च्या जानेवारीत. चारही वेळा हरले. वर्षभर पेरलेलं खळ्यावर यावं आणि तिथेच हातचं जावं, तसं. ही सल कधीच नसेल, असं मी म्हणणार नाही. पण पुढच्या मोसमात तोच माणूस, तसाच शांत चेहरा घेऊन, पुन्हा मैदानाच्या कडेला उभा असे. तुमचाही एक पराभव आठवा. त्याला जिंकण्यात बदलू नका, त्यातून धडाही काढू नका. तो एका हंगामाचा होता, एवढंच त्याच्याजवळ बसून म्हणा.

1984 च्या सुरुवातीला ग्रँट यांनी आपणहून पद सोडलं. 1985 च्या एका हंगामापुरते परतले, मग कायमचे थांबले. रान, तळी, शिकार, मासेमारी यांची ओढ त्यांना आयुष्यभर होतीच. 1994 मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मान-दालनात त्यांचं नाव लागलं. कॅनडाच्या दालनात ते आधीच होतं. दोन्हीकडे मान मिळवणारे ते पहिलेच. आणि म्हातारपणी हाच माणूस आपल्या घराच्या गॅरेजात जुन्या वस्तू मांडून विकत असे. लोक रांग लावून येत.

जानेवारी 2016. उणे 21 अंश सेल्सिअस. वायकिंग्जच्या सामन्याच्या नाणेफेकीसाठी 88 वर्षांचे ग्रँट मैदानात आले ते अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. 11 मार्च 2023 रोजी, 95व्या वर्षी ते गेले.

घरात एखादी वस्तू असेल, जिचा हंगाम सरला आहे आणि जी तुम्ही धरून ठेवली आहे. आज ती कोणाच्या तरी हाती द्या. उद्या सकाळी उठल्यावर बाहेर जो ऋतू असेल, त्यात पूर्णपणे जा.