पायांची उंची, विटेची उंची

माउली, आपल्या वऱ्हाडात लग्नाच्या बायोडेट्यावर नाव, गाव, शिक्षण, शेती यांच्याबरोबर एक रकाना असतोच : उंची. भातकुलीच्या खारपाणपट्ट्यातला मुलगा शिकलेला असो, निर्व्यसनी असो, चार एकर तूर-कपाशी स्वतः पाहणारा असो. त्या रकान्यात पाच फूट दोन इंच दिसले की कागद पुष्कळदा दुसऱ्या घरी जातो. मग एके दिवशी त्याला मोबाइलवर दिसते की शस्त्रक्रियेने दोन-तीन इंच उंची वाढवता येते. खर्च मात्र लाखोंच्या घरात. तो वडिलांना विचारतो, “बाबा, एक एकर विकाल का?” त्या बापाने काय उत्तर द्यावे? रोज हरिपाठ म्हणणाऱ्या घरात हा प्रश्न आला तर तो कसा तोलावा? आज हेच पाहू.

आधी ही शस्त्रक्रिया काय ते समजून घेऊ. सायबेरियातील कुर्गान या शहरी डॉ. गाव्रिल इलिझारोव्ह यांनी १९५० च्या दशकात एक पद्धत विकसित केली. हाड कापायचे, बाहेरून लोखंडी कड्या बसवून हाडातून तारा ओवायच्या आणि दोन तुकडे अगदी हळूहळू दूर न्यायचे. मधल्या जागेत शरीर स्वतःच नवे हाड तयार करते. वेग रोजचा साधारण एक मिलिमीटर, तोही पाव-पाव करून चार वेळा. घाई केली तर हाड धरत नाही. फार रेंगाळले तर वेळेआधीच जुळून बसते. लांबवणे संपल्यावर ते पक्के व्हायला आणखी काही महिने लागतात. १९६४ च्या ऑलिंपिकमध्ये उंच उडीचे सुवर्णपदक जिंकलेला व्हालेरी ब्रुमेल पुढच्याच वर्षी मोटारसायकलच्या अपघातात जायबंदी झाला, तेव्हा त्याच्या पायावर इलिझारोव्ह यांनीच उपचार केले होते.

हे तंत्र आपल्यापासून दूर नाही. अकोल्यात डॉ. मिलिंद चौधरी यांनी इलिझारोव्ह तंत्राचे केंद्र चालवून ते वऱ्हाडात रुजवले. पोलिओने आखडलेला पाय, अपघातानंतर न जुळलेले हाड, जन्मतः एक पाय आखूड असलेले लेकरू, अशांसाठी ही विद्या म्हणजे वरदान आहे. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. पण त्याआधी ज्यांचे पाय गेले ती माणसे आजही आपल्यात आहेत, आपल्या दिंडीतही आहेत.

म्हणून माउली, “देवाने दिले तसेच ठेवावे” असे एका वाक्यात बोलून मोकळे होऊ नका. भागवतातली कुब्जा आठवा. तिच्या पायांवर पाय ठेवून, हनुवटीला दोन बोटे लावून भगवंतांनी तिचे वाकलेले अंग सरळ केले. शरीर सरळ करणे पाप असते तर देवानेच ते कसे केले असते? आपल्या भातकुली तालुक्यातले ऋणमोचन ही गाडगेबाबांची कर्मभूमी. बाबांच्या दशसूत्रीत अंध, पंगू आणि रोगी यांच्यासाठी औषधोपचार सांगितला आहे. तुझे पंगुत्व हे तुझे प्रारब्ध, ते भोग, असे बाबांनी कोणाला सांगितले नाही.

मग बुटक्या मुलाने पाय लांबवले तर वावगे काय? इथे थोडे थांबून विचार करू. पोलिओच्या मुलाचे दुखणे पायात आहे. त्याला चालता येत नाही, उपचाराने चालता येते. पाच फूट दोन इंचाच्या मुलाचे पाय चांगले आहेत. तो डवरणी करतो, पोते उचलतो, पंढरपूरची वाट चालतो. दुःख त्यालाही आहे आणि ते खरे आहे. त्याला हसू नये. पण ते जन्मले बघणाऱ्याच्या डोळ्यात. रोग एकाच्या डोळ्यात आणि करवत दुसऱ्याच्या नडगीवर, असा हा उपचार होतो.

आणि नडगी म्हणजे नुसते हाड नव्हे. हाड रोज मिलिमीटरभर वाढते. पण स्नायू, नसा आणि टाचेमागची शीर त्या वेगाने वाढायला नाखूश असतात. शीर आखडली तर टाच जमिनीला टेकत नाही, गुडघा आखडतो, नसांना ताण बसतो. तारांच्या जागी जंतुसंसर्गाची भीती राहते. रोजचा व्यायाम चुकवून चालत नाही. शिवाय प्रमाणाचा प्रश्न आहे. सर्वसाधारण माणसाने दोन्ही हात पसरले तर त्या टोकापासून या टोकापर्यंतचे अंतर जवळपास त्याच्या उंचीइतके भरते. नडगीचे हाड मांडीच्या हाडाच्या साधारण चार-पंचमांश असते. पाय लांबवले म्हणजे हात लांबत नाहीत, धड वाढत नाही. नुसती नडगीच लांबवली तर मांडीशी तिचे नाते बदलते. थोड्या वाढीत हे डोळ्यांना जाणवत नाही. हाव वाढली की जाणवू लागते. पांडुरंगाला आपण समचरण म्हणतो. पाय आखूड असोत की लांब, अंगात मेळ हवा. आखूड पाय दुसऱ्याच्या बरोबरीला आणणारा डॉक्टर तो मेळ परत आणतो. धडधाकट पाय लांबवणारा तो मेळ पणाला लावतो.

चीनने २००६ मध्ये केवळ उंचीच्या हौसेसाठी ही शस्त्रक्रिया करण्यावर बंदी घातली. २०१६ मध्ये हैदराबादेत पाच फूट सात इंचाच्या एका तरुण अभियंत्याने आई-वडिलांना न सांगता ती करून घेतली; घरच्यांना कळले तेव्हा पाय कापले गेले होते. पाच फूट सात इंच! आपल्या गावात ही उंची कोणी कमी म्हणणार नाही. म्हणजे उणेपणा टेपाने मोजता येत नाही. आज दोन इंच मिळाले तरी शेजारी त्याहून दोन इंच उंच कोणी उभा असतोच.

मला त्या आई-वडिलांची आठवण पुंडलिकामुळे होते. पुंडलिक माता-पित्यांच्या पायांशी बसला होता. देव दारी आला तरी तो उठला नाही. त्याने वीट भिरकावली. पांडुरंगाची उंची वाढली ती त्या विटेएवढी. ती त्याने मागितली नव्हती. एका मुलाची सेवा पुरी होईपर्यंत थांबायचे म्हणून तो तिच्यावर उभा राहिला. एवढी उंची लाभलेल्या देवाच्या पायावर डोके ठेवायला आपण जातो, आणि तिथे उंच माणसाला बुटक्यापेक्षा जास्त वाकावे लागते.

मग बापाने काय सांगावे? माझ्या मते त्याने मुलाला रागावू नये, एकरही विकू नये. त्याला जवळ बसवावे. चांगल्या अस्थिरोगतज्ज्ञाकडे दोघांनी मिळून जावे, किती महिने, कोणते धोके, चालणे कसे राहील, हे समोरासमोर विचारावे. त्यातूनही सज्ञान मुलाने शस्त्रक्रियेचाच निर्णय घेतला, तर त्याला पापी ठरवू नये. त्या अवघड महिन्यांत त्याला घराचा आधार लागणारच आहे.

पण खरे उत्तर बापापेक्षा आपण द्यायचे आहे. आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या माधानच्या गुलाबराव महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली, आणि लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणू लागले. पैठणच्या कूर्मदासाला हात-पाय नव्हते. तो खुरडत पंढरीला निघाला, लऊळला थकला, तेव्हा विठ्ठलच त्याच्याकडे आला. या कथा आपण कीर्तनात ऐकतो, डोळे पुसतो, आणि घरी येऊन सोयरिकीच्या कागदावर पहिले बोट उंचीच्या रकान्यावर ठेवतो. दिंडीत ज्याला माउली म्हणून पाया पडतो, त्यालाच गावात ठेंगू म्हणून हाक मारतो. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत गरीब तरुण-तरुणींचे लग्न लावून देणेही आहे. त्यात उंचीची अट नाही.

तेव्हा माउली, तुमच्या घरी लेकीसाठी पुढचा कागद येईल तेव्हा तो रकाना शेवटी वाचा. जमले तर वाचूच नका. मुलगा कसा वागतो, आईशी कसा बोलतो, घामाचे खातो का, एवढे विचारा. त्याने भातकुलीतल्या एका घरचा एक एकर वाचेल, आणि एका धडधाकट पायावर करवत चालणार नाही.

रामकृष्ण हरि.