आशेची मात्रा

गेल्या उन्हाळ्यांत नेवाशाचे आमचे एक स्नेही घरीं आले व पिशवींतून एक बाटली काढून त्यांनीं आमच्यापुढें ठेवली. आंत स्पिरुलिना नांवाच्या शेवाळाची हिरवी भुकटी होती. पत्नीस लसिकाग्रंथींचा कर्करोग झालेला. इस्पितळाचे उपचार चालूच होते. “ही घेतल्यानें प्रतिकारशक्ति वाढते म्हणतात. तुम्ही शिकलेले, देऊं का?” आम्ही म्हणालों, “डॉक्टरांस विचारा.” उत्तर बिनचूक होतें, पण त्यांत भित्रेपणाचाही अंश होता, हें ते गेल्यावर आम्हांस उमगलें.

शेवाळ अगदींच निरुपयोगी, असें म्हणतां येत नाहीं. हिंदी महासागरांतील ‘सागरी ससा’ नांवाच्या गोगलगाईंत डोलास्टॅटिन-१० हें द्रव्य सांपडलें. १९८७ सालीं त्याची रचना प्रसिद्ध झाली. पुढें कळलें कीं, तें मुळांत तिच्या आहारांतील नील-हरित शेवाळाचें! पण तें इतकें जहाल कीं, नुसतें देण्याची सोय नाहीं. म्हणून त्याच्या धर्तीवर कृत्रिम रेणु घडवून तो रोगट पेशीची खूण ओळखणाऱ्या प्रतिपिंडास जोडण्यांत आला. अमेरिकेंत २०११ सालीं मान्य झालेलें ब्रेन्टुक्सिमॅब व्हेडोटिन तें हेंच. हॉजकिनच्या लसिकार्बुदावर तें देतात. तपकिरी सागरी शेवाळांतील फ्युकॉइडन प्रयोगशाळेंत प्रतिकारपेशींस चेतवितें, हेंही खरें. परंतु परीक्षानळीपासून रोग्याच्या खाटेपर्यंतची वाट फार लांबची; बाटलीवरील चिठ्ठी ती एका उडींत ओलांडते.

शिवाय प्रतिकारशक्ति ही काय रांजणांतील पाणी आहे, ओतलें कीं वाढावें? कर्करोगांत पुष्कळदां उणीव बळाची नसते, ओळखीची असते. अर्बुद स्वतःस लपवितें, रक्षकपेशींस लगाम घालतें. तो लगाम काढण्याची वाट दाखविल्याबद्दल ॲलिसन व होंजो यांस २०१८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. पण लगाम सुटलेल्या पेशी कधीं कधीं निरोगी अवयवांवरच उठतात. आणि लसिकार्बुदांत तर बिघडलेली पेशीच प्रतिकारसंस्थेची असते. मग वाढवावयाचें कोणास?

बुडत्याच्या हातची काडी काढूं नये, असें कोणी म्हणेल. होडी जवळ नसेल तेथें आम्हीही म्हणूं. येथें होडी होती, आणि काडीसाठीं तिचें भाडें खर्चीं पडत होतें.

आठवड्यानें आम्ही नेवाशास गेलों व हें सारें उभयतांस सांगितलें. बाईंनीं शांतपणें ऐकून घेतलें, मग विचारलें, “भुकटीचें कळलें. पण माझें जें औषध चालू आहे, त्यानें गुण कितपत येईल, तें मला कोणीच कां सांगत नाहीं?”

स्नेह्यांनीं आमच्याकडे पाहिलें.